नदीकाठच्या काउंटीची हद्द: कायद्यात "मुख्य धारेचा मध्य" लिहिलंय, पण नदीच सरकली. रेघ कुठे ओढायची?

नकाशाघर

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मिसिसिपीच्या काठावर असलेल्या एका काउंटीची (राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) हद्द नव्याने डिजिटाइझ करायचं काम पुण्यात आमच्याकडे आलंय. हाताशी तीन थर आहेत: सेन्सस ब्युरोची टायगर फाइल (रस्ते-सीमांचा डिजिटल नकाशा), यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेचा १:२४,००० टोपो (उंचसखल दाखवणारा) नकाशा आणि ताजी उपग्रह प्रतिमा. नदीकडची हद्द तिन्हींत वेगवेगळी दिसते. एका वळणावर तर टायगरची रेघ पाणी सोडून पार शेतात शिरते आणि दीड-दोन मैलांनी परत नदीत येते. मला ती सरळ चूक वाटली, पण हात लावायच्या आधी विचारलेलं बरं.

क्लायंटने कायद्यातलं वर्णन पाठवलंय. ते साधारण असं: "…तिथून पश्चिमेस नदीपर्यंत, तिथून नदीच्या मुख्य धारेच्या मध्यातून खाली अमुक ओढ्याच्या मुखापर्यंत, तिथून ओढ्याने वर टाउनशिपच्या रेषेपर्यंत, तिथून त्या रेषेने पूर्वेस ८ मैल, तिथून दोन खोऱ्यांमधल्या कण्याने…"

(टाउनशिप म्हणजे तिकडच्या सरकारी मोजणीतला साधारण सहा मैल बाजूचा चौकोन.) मुख्य धारेचा मध्य नेमका कसा काढायचा? नदी सरकली की हद्दही सरकते का? आणि ओढा सरळ करून टाकलेला असेल तर त्याचं "मुख" कुठलं धरायचं? आपल्याकडे गावनकाशे जोडून तालुका, तालुके जोडून जिल्हा असं करता येतं. तसं काही तिकडे आहे का?

साखळी६६

तिन्ही थर बाजूला ठेवा, त्यातला एकही म्हणजे हद्द नव्हे. टायगर जनगणनेच्या कामासाठी बनलेला थर आहे. त्यातल्या सीमा कायदेशीर हद्द ठरवत नाहीत, असं सेन्सस ब्युरो स्वतःच सांगतो. टोपो नकाशाची मानक अचूकता म्हणजे ठळक बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू ४० फुटांच्या आत, आणि नदीतली काउंटी-रेघ तर ठळक बिंदूसुद्धा नाही. उपग्रह प्रतिमा त्या दिवशी पाणी कुठे होतं एवढंच दाखवते.

हद्द म्हणजे विधिमंडळाच्या कायद्यातलं ते वाक्य, आणि तितकीच महत्त्वाची त्या कायद्याची तारीख. म्हणून पहिलं काम कागदाचं. काउंटी स्थापन करणारा मूळ कायदा, त्यानंतरच्या सगळ्या दुरुस्त्या, आणि शेजारच्या काउंट्यांचे कायदेही मागवा. शेजारी काउंटी नंतर कापून काढली असेल तर तुमच्या हद्दीचा अर्धा भाग तिच्या कायद्यात लिहिलेला असतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात हे सोपं आहे, ५८ काउंट्यांची वर्णनं गव्हर्नमेंट कोडच्या कलम २३१०१ ते २३१५८ मध्ये ओळीने सापडतात. मिसिसिपीच्या खोऱ्यात मात्र एकोणिसाव्या शतकातले अधिवेशनवार कायदे चाळावे लागतात.

मग शब्द. नदीबद्दलचा प्रत्येक शब्दप्रयोग वेगळी रेघ देतो:

"मुख्य धारेचा मध्य" हा नौकानयनाच्या नदीत थालवेग धरला जातो, म्हणजे बोटी जिथून खाली जातात त्या मुख्य प्रवाहमार्गाचा मध्य. दोन काठांमधलं भौमितिक अर्ध नव्हे. नेमका हाच वाद १८९३ साली आयोवा विरुद्ध इलिनॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेला. मिसिसिपीवरच्या पुलांवर कर कुणी किती लावायचा, हे त्यामागचं भांडण. आयोवा म्हणत होतं काठांच्या मधोमध, इलिनॉय म्हणत होतं मुख्य धार. निकाल मुख्य धारेच्या बाजूने लागला.

"नदीचा मध्य" असं लिहिलं असेल आणि नदी नौकानयनाची नसेल, तर दोन्ही काठांपासून समान अंतरावरची रेघ. ती काढताना दर शंभर मीटरवर काटछेद (पात्राला आडव्या रेघा) घेऊन मध्यबिंदू जोडण्यापेक्षा दोन्ही काठांच्या जवळच्या बिंदूंपासून समदूर रेघ काढा. काटछेदाची पद्धत तीव्र वळणावर फसते, कारण काटछेद एकमेकांना छेदतात.

"काठाने" म्हटलं असेल तर हद्द पाण्यात शिरतच नाही. आणि उजवा-डावा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवायचा. नकाशावर उत्तर वर धरून ठरवाल तर दक्षिणेला वाहणाऱ्या नदीत उलटं होईल.

"किमान पाणीपातळीची रेघ" हा सगळ्यांत घातक शब्द. केंटकीची ओहायो नदीकडची हद्द उत्तर काठावरच्या किमान पातळीवर आहे, तीही १७९२ सालच्या, असं १९८० च्या ओहायो विरुद्ध केंटकी निकालात ठरलं. पुढे धरणांनी पाणी चढलं, त्यामुळे ती रेघ आज बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली आहे. केंटकीतल्या कॅम्पबेल किंवा बून काउंटीचा थर करताना आजचा उत्तर काठ गिरवलात तर हद्द चुकलीच.

तळठाव

वरच्या उत्तरात एवढंच जोडेन की थालवेग म्हणजे "सगळ्यांत खोल बिंदूंची माळ" असं बरेच जण धरतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये तसं काढणं सोपंही असतं. तळाच्या मोजणीचा रास्टर (चौकोनाचौकोनात मूल्यं असलेला डिजिटल थर) घ्यायचा, किमान मूल्यं जोडायची, झालं. पण काठाला लागून पुराने खणलेला खोल डोह बोटींच्या मार्गात नसेल तर हद्द त्यातून जात नाही.

उलट बाजूने, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या नौकानयन तक्त्यावर जी जलमार्गाची रेघ दिसते, तीही उचलून हद्द म्हणून टाकू नका. ती आजच्या बार्जच्या सोयीची. वरच्या मिसिसिपीत ९ फूट खोलीच्या जलमार्गाची योजना १९३० साली मंजूर झाली, लॉक-धरणं बांधली गेली, पाणी पसरलं, गाळ उपसून मार्ग आखला गेला. त्या मार्गाचा मूळ कायद्याच्या काळातल्या धारेशी संबंध असेलच असं नाही.

काठकायदा

शेतात शिरणाऱ्या रेघेला हात लावू नका! बहुतेक तीच बरोबर असेल.

नदी सरकली की हद्द सरकते का, याचं उत्तर नदी कशी सरकली यावर आहे. एका काठाची माती हळूहळू खरवडली जाते, समोर मळई साचते, वर्षागणिक पात्र इंचाइंचाने हलतं. याला अ‍ॅक्रीशन म्हणतात. यात हद्द पाण्याबरोबर चालते. पण पुरात वळणाची मान तुटली आणि नदीने एकाएकी नवं पात्र धरलं, तर ते अ‍ॅव्हल्शन. मग हद्द जुन्या पात्रात जिथे होती तिथेच थिजते. पुढे ते पात्र गाळाने भरलं, तिथे सोयाबीन पिकलं, तरी हलत नाही. १९१८ च्या आर्कान्सा विरुद्ध टेनेसी निकालात हे स्पष्ट लिहिलंय.

जमिनीवर याची उदाहरणं ढिगाने आहेत. मिसुरी नदीने १८७७ साली वळण तोडलं आणि आयोवाच्या पॉटावाटामी काउंटीतला तुकडा ओमाहाच्या बाजूला, नेब्रास्काच्या अंगाला गेला. तेच आजचं कार्टर लेक. १८९२ च्या निकालानुसार ते आयोवातच राहिलं. इलिनॉयचं पहिलं राजधानीचं गाव कास्कास्किया १८८१ च्या पुरानंतर मिसिसिपीच्या पश्चिमेला पडलं, तरी रँडॉल्फ काउंटीतच आहे आणि रस्त्याने तिथे मिसुरीतून जावं लागतं. टेनेसीच्या टिप्टन काउंटीतलं रेव्हरी १८७६ पासून नदीच्या आर्कान्साकडच्या बाजूला आहे. नेब्रास्काच्या नेमाहा काउंटीचं मॅकिसिक बेटही तसंच.

माणसाने मारलेला काटही अ‍ॅव्हल्शनच धरतात. १९३० च्या दशकात कोअरने खालच्या मिसिसिपीची बरीच वळणं कापली, तिथे हद्दी जुन्या वळणातच राहिल्या. म्हणून त्या पट्ट्यात नालाकृती तळ्यांमधून राज्यांच्या आणि काउंट्यांच्या रेघा फिरताना दिसतात.

बेटांचा नियम आणखी वेगळा. बेट एकदा एका बाजूचं ठरलं की मुख्य धार पुढे त्याच्या दुसऱ्या अंगाने वाहू लागली तरी मालकी पालटत नाही. वुल्फ आयलंड मिसुरीच्या अंगाला आहे, पण केंटकीचं, हिकमन काउंटीत. हा निकाल १८७० चा.

यात नेहमी होणारी गल्लत: पूर्ण नदीला एकच नियम लावणं. एकाच काउंटीच्या वीस मैल काठात पाच मैल अ‍ॅक्रीशन, दोन मैल अ‍ॅव्हल्शन, पुन्हा अ‍ॅक्रीशन असं असू शकतं. तुकड्या-तुकड्याने ठरवावं लागतं. पुरावा नसेल तर न्यायालय अ‍ॅक्रीशन गृहीत धरतं, अ‍ॅव्हल्शन म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं.

आणि या सगळ्यावर मात करणारी गोष्ट म्हणजे करार. आयोवा आणि नेब्रास्काने १९४३ साली मिसुरीवरची हद्द करारानेच ठरवून टाकली, कार्टर लेकचा अपवाद ठेवून. टेक्सस-ओक्लाहोमाने रेड नदीवर २००० साली दक्षिण काठावरच्या झाडोऱ्याची रेघ स्वीकारली. त्याआधी १९२३ च्या निकालातली कापीव काठावरची मधली पातळी मोजावी लागे, आणि ती मोजणं म्हणजे एक दिव्यच होतं. तुमच्या तुकड्यावर असा करार आहे का, हे आधी पाहा. राज्याच्या हद्दीवरच्या अशा कराराला काँग्रेसची संमती लागते. दोन काउंट्यांमधली हद्द मात्र राज्याचं विधिमंडळ हलवू शकतं, काही राज्यांत मतदारांची संमती घेऊन.

मोजणीकर

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर थोडं. महाराष्ट्रात जिल्हा, तालुका, गाव ही क्षेत्रं जमीन महसूल संहितेच्या कलम ४ खाली अधिसूचनेने ठरतात आणि ती गावांच्या यादीवर उभी असतात. त्यामुळे नदीचा प्रश्न खाली गावाच्या शिवेपर्यंत उतरतो आणि तिथे गावनकाशा उत्तर देतो. अमेरिकन काउंटीचं उलट आहे. आधी बाहेरची हद्द वाक्यात लिहिली, आतली रचना वेगळ्या मार्गाने आली. आतल्या जमिनींचे तुकडे जोडून बाहेरची रेघ काढायला जाल तर नदीकाठी हमखास फसाल, कारण काठच्या मालकाची जमीन किमान पातळीपर्यंत आणि काउंटीची हद्द मुख्य धारेपर्यंत, असं असू शकतं.

दुसरं, साखळी. आपली ३३ फुटांची, १६ आण्यांची सवय तिकडे नेऊ नका. जुन्या अमेरिकन नोंदीतली साखळी ६६ फुटांची, १०० दुव्यांची. ८० साखळ्यांचा मैल. पूर्वेकडच्या राज्यांत पोल येतो, तो साडेसोळा फुटांचा. गुंठेवारीत मुरलेल्या पोरांनी अंतरं निम्मी करून टाकलेली फाइल दिसायला अगदी सुबक असते.

नकाशाघर

खूप आभार. म्हणजे ती शेतातली रेघ जुनं पात्र असावी. प्रतिमेत तिथे चंद्रकोरीसारखा ओलसर पट्टा दिसतोय खरा. आता ओढ्याचं मुख, "पूर्वेस ८ मैल" आणि तो कणा एवढं राहिलं. आणि नदी कुठल्या वर्षी कशी सरकली हे पुण्यात बसून कसं शोधायचं?

टोपोताई

बसल्या जागी बरंच होतं.

सर्वांत आधी जनरल लँड ऑफिस या जुन्या सरकारी जमीन खात्याच्या मूळ सर्व्हेचे प्लॅट (नकाशे) आणि फील्ड नोट्स. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर बऱ्याच राज्यांचे फुकट मिळतात. नदीकाठी त्यात वळणावळणाची मींडर रेघ दिसेल. ती हद्द नाही! काठच्या अपुऱ्या सेक्शनचं (टाउनशिपमधला साधारण एक चौरस मैलाचा तुकडा) क्षेत्रफळ काढण्यासाठी ती चालवलेली असते. हद्द पाणीच, असं १८६८ च्या शुरमीर खटल्यात ठरलंय. पण मूळ सर्व्हेच्या वर्षी काठ कुठे होता, याचा तो सर्वांत जुना मोजलेला पुरावा असतो, म्हणून जिओरेफरन्स करून (खऱ्या सहनिर्देशांकांवर बसवून) ठेवाच. त्यानंतर मिसिसिपी रिव्हर कमिशनचे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे तक्ते, मग १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची कृषी खात्याची हवाई छायाचित्रं, मग कोअरचे वेळोवेळचे जलसर्व्हे. हे थर वर्षाप्रमाणे एकावर एक ठेवा. पात्र लागोपाठच्या थरांत थोडं थोडं एका दिशेला जात असेल आणि मधे समांतर वाळूचे वरंबे दिसत असतील तर अ‍ॅक्रीशन. दोन थरांच्या मधे वळण एकदम गायब आणि मधली जमीन, तिच्यावरची जुनी झाडी, घरं, रस्ते जसेच्या तसे असतील तर अ‍ॅव्हल्शन. मधल्या जमिनीवर जुन्या सर्व्हेची खूण टिकलेली सापडली तर त्याहून चांगला पुरावा नाही.

ओढ्याचं मुख: सखल पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ड्रेनेज डिस्ट्रिक्टनी (पाणी निचऱ्याच्या स्थानिक संस्थांनी) ओढे सरळ चरांत वळवले. बांधाला लागून शिस्तीत जाणारा चर दिसला की तो हद्द नाही हे जवळजवळ धरून चाला. जुना ओढा हवाई छायाचित्रात गडद नागमोडी पट्टा म्हणून दिसतो. मुख म्हणजे ओढ्याच्या मध्याची रेघ नदीला मिळते ती जागा. तुमच्या वर्णनात हद्द मुख्य धारेतून येते, त्यामुळे धारेपासून मुखापर्यंतचा छोटा जोड-तुकडा काढावा लागेल. तो कायद्यात लिहिलेला नसतो, म्हणून त्याला वेगळा कोड द्या.

"टाउनशिपच्या रेषेने पूर्वेस ८ मैल": इथे दोन गोष्टी सांगितल्यात आणि त्या जुळणार नाहीत. अशा वेळी अग्रक्रम ठरलेला असतो: नैसर्गिक खूण, मग माणसाने रोवलेली खूण, मग दिशा, मग अंतर, सगळ्यांत शेवटी क्षेत्रफळ. टाउनशिपची रेघ जमिनीवर खुणा रोवून चालवलेली असते, त्यामुळे ती ८ मैलांच्या आकड्याला आणि "पूर्वेस" या शब्दालाही हरवते. ती भूमितीतली सरळ रेघ नसून अर्ध्या-अर्ध्या मैलावरच्या कोपऱ्यांतून थोडी थोडी मोडत जाते. कोपरा सापडला तर प्रश्न मिटला. खूण गेली पण साक्षीच्या झाडांच्या (कोपऱ्याजवळ खूण केलेल्या) नोंदीवरून किंवा जुन्या कुंपणावरून जागा कळते, तर तो पुसलेला कोपरा, हरवलेला नव्हे. जागा पुराव्याने धरायची. काहीच नाही, तरच हरवलेला, आणि मग प्रमाणाने. टाउनशिपच्या बाहेरच्या रेषेवर एकेरी प्रमाण: नोंदीत ४० आणि ४० साखळ्या म्हणजे ५,२८० फूट, पण आज दोन सापडलेल्या कोपऱ्यांत ५,३०० फूट भरतात, तर मधला कोपरा २,६५० वर. टाउनशिपच्या आतला सेक्शन-कोपरा असेल तर चारही बाजूंनी दुहेरी प्रमाण.

कणा: डोंगरमाथे जोडू नका. पाणी कुठे दुभंगतं ती रेघ हवी, आणि ती बऱ्याचदा सर्वोच्च माथ्यांना बगल देऊन जाते. १० मीटरच्या उंची-रास्टरवरून पाणलोट काढा, पण सपाट खिंडीत आणि रस्त्यांच्या भरावापाशी सॉफ्टवेअर भलतीकडे वळतं. भरावाखालच्या मोऱ्या उंची-रास्टरला दिसत नाहीत. तिथे लायडार (लेसरने केलेली उंचीची मोजणी) असेल तर तो वापरा, नाहीतर समोच्च रेषा डोळ्यांनी तपासा.

साखळी६६

टोपोताईंच्या अग्रक्रमाला एक पुस्ती: हद्द एकदा जमिनीवर आखली, दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं मानली, तर ती शब्दांपेक्षा वरचढ ठरते. व्हर्जिनिया विरुद्ध टेनेसी, १८९३. कायद्याप्रमाणे रेघ अक्षांशावर असायला हवी होती, पण १८०२-०३ च्या सर्व्हेतली वाकडी रेघच कायम झाली. म्हणून दोन काउंट्यांनी मिळून केलेला जुना हद्द-सर्व्हे काउंटी सर्व्हेयर किंवा काउंटी क्लार्कच्या दप्तरात आहे का, हे क्लायंटला विचाराच. असेल तर वर सांगितलेली अर्धी खटपट वाचते.

आणि "नदीपर्यंत" हा शब्द नदीला एकदाच भेटेल असं समजू नका. केंटकीच्या फुल्टन काउंटीचा एक तुकडा असाच तुटून पडलाय. हद्दीची पूर्व-पश्चिम रेघ मिसिसिपीच्या वेटोळ्याला पुन्हा पुन्हा छेदते, त्यामुळे तिथे रस्त्याने जायचं तर टेनेसीतून.

फाइलबद्दल थोडं. जुने नकाशे एनएडी २७ या जुन्या सहनिर्देशांकांच्या आधारप्रणालीवर असतील. नंतरच्या एनएडी ८३ शी फरक जागेनुसार काही मीटरांपासून शंभराच्या आसपास मीटरपर्यंत जातो. फुटातले स्टेट प्लेन (राज्यवार सपाट सहनिर्देशांकांचे) आकडे आले तर यूएस सर्व्हे फूट की आंतरराष्ट्रीय फूट हे लिखित घ्या. फरक दहा लाखात दोन एवढाच, पण २० लाख फुटांच्या सहनिर्देशांकावर तो ४ फूट होतो. सर्व्हे फूट २०२२ अखेर अधिकृतपणे बाद झाला, जुन्या फाइलींत तो सर्रास आहे.

नदीच्या हायड्रोग्राफी (जलप्रवाहांच्या) थराला हद्द स्नॅप करू (चिकटवू) नका. पुढच्या अद्ययावतीकरणात नदी हलली की तुमची थिजलेली हद्दही गुपचूप हलेल. प्रत्येक तुकड्याला स्वतःची नोंद द्या: कायद्याचं साल आणि प्रकरण, वर्णनातले शब्द जसेच्या तसे, कुठल्या सालच्या स्रोतावरून काढला, सरकता की थिजलेला, अंदाजे किती मीटर इकडे-तिकडे. शेजारच्या काउंटीशी सामाईक कड एकच ठेवा, दोन प्रती करू नका.

काठकायदा

आणि तुमच्या फर्मने हद्द "ठरवली" असं कुठेही लिहू नका. वर्णनावरून काढलेला नकाशा, एवढंच. जिथे अ‍ॅक्रीशन-अ‍ॅव्हल्शनचा निवाडा करावा लागला ते तुकडे वेगळ्या रंगात क्लायंटला परत द्या आणि त्या राज्यातल्या परवानाधारक सर्व्हेयरची सही मागा. ती नदी राज्याची हद्दही असेल, तर वाद काउंटीच्या हातातला राहत नाही. दोन राज्यांमधल्या हद्दीचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयातच सुरू होतो. तिथे स्पेशल मास्टर (न्यायालयाने नेमलेला अधिकारी) पुरावा गोळा करतो, आणि अशा वेळी तुमच्या थराची नोंद कुणीतरी उघडून वाचणार असं धरूनच ती लिहा.

नकाशाघर

ठीक. क्लायंटला आजच हद्द-सर्व्हे आणि कराराबद्दल लिहितो. तोवर वळणाचा तुकडा सेन्ससच्या रेघेवरच "तात्पुरता, जुनं पात्र, पुरावा बाकी" म्हणून ठेवतो आणि फील्ड नोट्स उतरवायला घेतो.